माझ्या नावाची मूठ

पुण्यात येऊन मला तीन वर्षं झाली आणि माझी मुख्य तक्रार अशी आहे की इथं मला कुणी हक्कानं रागावत नाही. भाचा सभ्य आहे, त्याची बायको त्याहून सभ्य. जेवायला नको म्हटलं की दोघंही 'बरं' म्हणतात आणि ताट उचलतात. धुळ्याला भागाअक्काच्या घरी मी नको म्हटलं असतं तर तिनं ताट माझ्यापुढं आपटून, कसली ढोंगं चालवली आहेत म्हणून आधी माझी खरडपट्टी काढली असती आणि मग भाकरीवर तेल ओतलं असतं. माणसाला वय झाल्यावर औषधापेक्षा हे जास्त लागतं, पण ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला बाळंतपणातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. बाळंतपणातली गंमत फक्त ओसरीवर विड्या ओढत बसलेल्या पुरुषांना दिसते. आत उभ्या असलेल्या बाईला ती कधी दिसली नाही. शेकड्यांनी मुलं या हातांवर आली, पण सगळी सांगत बसले तर अंक पुरायचा नाही. हल्ली मला राहून राहून एकच घर आठवतं, म्हणून त्याच घराचं लिहिते.

मी साताऱ्याकडची. कुंकू पुसलं गेलं तेव्हा मला ते नीट लावताही येत नव्हतं. थोरल्या भावानं लोकांचे बोल खाऊन मला नर्सचं शिक्षण दिलं आणि तिथून मी खानदेशात जाऊन पडले, आधी जळगावला, मग धुळ्याला बायकांच्या दवाखान्यात. पहिल्या दिवशी एक म्हातारी मला म्हणाली, 'बाई, पोट दुखी ऱ्हायनं शे.' मला फक्त 'पोट' कळलं. पण नर्सला तेवढं पुरतं.

गरोदर बाईच्या मधुमेहाशी माझी पहिली गाठ जळगावला पडली. पहूरहून एक बाई बैलगाडीतून आली होती. घागरभर पाणी प्यायली तरी तहान जाईना, आणि तिनं लघवी केलेल्या जागी मुंग्यांची रांग लागायची. घरचे मात्र खुशीत होते, कारण पोट भलं मोठं होतं आणि मूल दांडगं असणार असा सगळ्यांचा हिशोब होता. इन्सुलिन तेव्हा आमच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. उपाय एकच, उपासमार. साखर वाढते ना, मग बाईला खायलाच द्यायचं नाही.

पण पोटुशी बाई उपाशी राहिली की दुसरंच संकट उभं राहतं. पोटातलं मूल आपला वाटा ओढून घेतच राहतं, आईला साखर वापरता येत नाही, मग तिचं शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून एक आंबट विष रक्तात उतरतं आणि श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. ती बाई मला विचारायची, 'मी कमी खासू, ते पोऱ्या जगी ना?' मी हो म्हणायची. आमच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. ती गेली आणि मूलही तिच्याबरोबर गेलं. मला अजून आंब्याच्या दिवसांत अढीच्या खोलीत जाववत नाही.

पुढं मी धुळ्याला आले आणि इन्सुलिनही आलं. लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट असेल. यमुना नावाची मुलगी आमच्या दवाखान्यात आली, माहेर सोनगीरचं, सासर जुन्या धुळ्यात, पांझरेकाठी बागायत असलेलं. आधीची दोन बाळंतपणं झालेली. दोन्ही मुलं पूर्ण दिवसांची, पाहावीत अशी धष्टपुष्ट, आणि दोन्ही शेवटच्या महिन्यात पोटातच गेलेली. गल्लीत कुणी दृष्ट म्हणे, कुणी सटवीचा कोप. आता तिसरी खेप होती. नवरा आत्माराम चांगला माणूस, पण भाऊबंदांत दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली होती, आणि हे मूल गेलं तर ती कुजबुज राहणार नव्हती. यमुनेला ते पुरतं ठाऊक होतं. तपासताना ती छताकडं बघत पडायची आणि एकच विचारायची, हलतंय ना.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. त्याचं एक निळं औषध असतं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, लघवीचे थेंब घालायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, आणि फार साखर असली तर विटकरी. यमुनेची नळी विटकरी झाली.

सासूला समजावणं माझ्याकडं आलं. सासू म्हणजे भागाअक्का, अंगानं काटक, आवाजानं दांडगी, सगळ्या भाऊबंदांत वडील बाई. मी सांगितलं की आपण खातो त्याची साखर होऊन रक्तातून फिरते, पण ती अंगात शिरायला एक रस लागतो, तो म्हणजे इन्सुलिन. पोटुशेपणी पहिले काही महिने शरीर नेहमीपेक्षा कमी साखरेवर चालतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून मात्र त्या रसाचा जोर चालेनासा होतो. देवाची योजनाच तशी असावी, की आईच्या अंगात साखर चटकन मुरू नये आणि मुलाला भरपूर मिळावी. धडधाकट बाईचं शरीर जास्त रस तयार करून वेळ निभावतं. यमुनेच्या शरीराला ते जमत नव्हतं. मग साखर रक्तात तुंबते, मुलाकडं लोटते, मूल तिच्यावर फुगतं आणि आतल्या आत गुदमरतं.

अक्का म्हणाली, 'म्हनजे पाटमा पानी भरेल शे, पन वावर सुकं शे. दार उघडनारा पाटकरी नही.'

पांझरेच्या बंधाऱ्यावर जन्म काढलेली बाई ती. मी पुढं कितीतरी जणींना हेच सांगितलं, आणि अक्काचं नाव न घेता सांगितलं.

तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या घरी जाऊन सुई टोचायची. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलेली असे. सुई टोचली की थोड्या वेळात जेवलंच पाहिजे, हा नियम मी घरातल्या सगळ्यांकडून वदवून घेतला होता. पाटकरी दार उघडून बसला आणि पाटात पाणीच नसलं तर काय होतं, ते अक्कालाही वेगळं सांगावं लागलं नाही. रोज सकाळी ती दारातच विचारायची, 'आज हिरवं शे का पिवयं?' नळी निळी राहिली त्या दिवशी तिनं गल्लीत चार घरी जाऊन सांगितलं. गल्लीतल्या बायकांची मात्र खात्री होती की नर्सबाई मूत शिजवून काहीतरी करणी करते.

अक्काचं सगळंच टोकाचं. सुनेला गोड बंद म्हटल्यावर तिनं कानबाईला नवस बोलून टाकला की नातवंड मांडीवर येईपर्यंत या घरात गूळ-साखर येणार नाही. गुळाची ढेप आत्मारामच्या डोक्यावर देऊन वाण्याकडं परत पोचवली. जावांची पोरंबाळं नुसत्या भाकरीवर आली आणि माझ्याकडं वैऱ्यासारखी बघायला लागली.

कानबाई म्हणजे खानदेशाचं घरोघरचं दैवत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला चौरंगावर बसवतात, नारळाला नथ-डोळे लावून सजवतात. तिच्या नैवेद्याच्या जेवणाला रोट म्हणतात. घरात जितकी पुरुषमाणसं तितक्या मुठी गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्याच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी करायची. नियम कडक आहेत. सगळे भाऊबंद जमल्याशिवाय नैवेद्य होत नाही. रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत. आणि उरवायचे नाहीत.

यमुनेला आठवा लागला होता तेव्हा कानबाई आली. रोट करायचे म्हणून मोजका गूळ आणला गेला तो सगळा पुरणात आणि खिरीत गेला. मी सकाळी सुई टोचली. यमुनेनं भाकरी-भाजीचं ताट माझ्यादेखत घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. अक्कानं मला कानबाई बघायला थांबवून घेतलं. मी ओसरीच्या कडेला बसले, परक्या माणसानं बसावं तशी.

नरडाण्याचे भाऊबंद यायचे होते आणि पांझरा भरून वाहत असल्यानं ते पलीकडंच अडकले होते. खीर होऊन निवली, पोळ्यांवर फडकं पडलं, सगळे ताटकळले. बायका गाणी म्हणत होत्या. यमुना त्यांच्यात येऊन बसली आणि थोड्या वेळानं मोठ्यानं हसली. हसण्यासारखं कुणी काही बोललं नव्हतं. मग तिचे हात थरथरू लागले, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, मान डोलायला लागली आणि ती तुटक तुटक काहीतरी बरळू लागली.

बायकांनी गाणं थांबवलं. कुणीतरी म्हणालं, माय आली. झालं. हळदीकुंकू आलं, धूप आला, थोरल्या थोरल्या बायका तिच्यापुढं डोकं टेकू लागल्या. एक म्हातारी हात जोडून विचारायला लागली, 'माय, आमनं काय चुकनं?'

चुकलं काय ते मला दिसत होतं. मी आतल्या खोलीत धावले. कोपऱ्यात डालं पालथं घातलेलं होतं आणि त्याखाली सकाळचं ताट जसंच्या तसं. दोन मुलं गमावलेली पोर. कानबाईआधी घास घेतला आणि तिसरंही गेलं तर, या भीतीनं तिनं माझ्याशी खोटेपणा केला होता. पाटकरी सकाळपासून दार उघडून बसला होता.

मी अक्काचा दंड धरला आणि सांगितलं की हे अंगात आलेलं नाही, हिची साखर उतरली आहे, आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड तोंडात गेलं नाही तर ही बेशुद्ध होईल आणि दोन्ही जीव जातील. अक्कानं घराकडं बघितलं. तिच्याच नवसानं घरात साखरेचा कण नव्हता. होती ती कानबाईपुढची खीर. तिला माझा हात लागून चालणार नव्हता, आणि जमलेल्यांतली एकही बाई पुढं होणार नव्हती. भाऊबंदांतले वडील, सगळे ज्यांना नाना म्हणत, ते वाट अडवून उभे राहिले. नैवेद्य झाला नाही, ते एवढंच म्हणाले.

अक्कानं त्यांना हातानं बाजूला केलं. खिरीचं भांडं उचललं आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

'कानबाई माय इना अंगमा ऊनी व्हई, ते तीच खाई ऱ्हायनी,' ती म्हणाली. 'नही ऊनी व्हई, ते मनी वहू खाई ऱ्हायनी. यामा इटाळ कसाना?'

तिनं बोटानं खीर यमुनेच्या गालाच्या आत चोळली, मी सांगत गेले तशी थोडी थोडी गिळवली. हळूहळू यमुनेचा घाम सुकला, डोळे ठिकाणावर आले. तिनं भोवतालच्या बायका पाहिल्या, कपाळावरचं कुंकू चाचपलं आणि घाबरून विचारलं, नैवेद्य झाला का.

'व्हयना, माय,' अक्का म्हणाली. 'पहिला घास तूच खादा.'

मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली. पदव्यांची, पैशांची, देशासाठी तुरुंगात जाऊन आलेलीही. पण त्या दुपारी अक्काच्या तोंडाकडं बघताना मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. अक्कानं नवी खीर करून नैवेद्य दाखवला, पण बोलणारे बोलतच होते. आता मूल गेलं असतं तर ते साखरेनं गेलं असं कुणी म्हटलं नसतं. खापर अक्कावर आणि यमुनेवर फुटलं असतं. अक्काला हे कळत होतं. ती रोज दारात यायची, पण रंग विचारायची नाही. माझ्या तोंडाकडं बघायची आणि आत वळायची.

डॉक्टरीणबाईंनी शेवटचा महिना भरू दिला नाही. मुलं त्याच महिन्यात जातात, म्हणून त्यांनी आधीच औषधांनी कळा आणवल्या. भर दुपारी मुलगी झाली. लालबुंद, गुबगुबीत, आणि पहिलं रडून झाल्यावर एकदम मलूल. तेही अपेक्षित होतं. आईची जादा साखर पचवायला पोटातलं मूल स्वतःचा रस भरपूर करायला शिकलेलं असतं. नाळ तुटली की साखर थांबते, रस मात्र उरतो. आम्ही साखरपाणी तयारच ठेवलं होतं. मी थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत होते, तेव्हा अक्का माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, 'इले बी खीर देऊ का?' आणि कानबाईच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. मुलगी झाली म्हणून कुरकुरणाऱ्या नानांना तिनं तिथंच गप्प केलं. पोरीचं नाव मुक्ता ठेवलं.

वार पडली आणि यमुनेची साखर ओसरू लागली. वारेतच असं काहीतरी असतं जे आईच्या रसाला अडवतं, असं डॉक्टरीणबाईंचं मत. नेमकं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुई कमी करत करत आम्ही बंदच केली. पुढं एक दिवस नळी पुन्हा हिरवी झाली आणि मी ती घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी ती लघवी खमीर घालून ठेवायला लावली. रक्तातली साखर असती तर आंबली असती. ही आंबली नाही. ती दुधातली साखर होती. म्हणजे यमुनेला भरपूर दूध आलं होतं, आणि ते आम्हाला नळीनं सांगितलं.

पुढच्या श्रावणात अक्कानं मला निरोप पाठवला, गहू मोजायच्या वेळी ये. मी गेले. तिनं घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सुपात मूठ टाकली. सगळी नावं संपली तरी तिचा हात पुन्हा पोत्यात गेला. 'यी बाईनी मूठ,' ती म्हणाली. नाना म्हणाले, बाई भाऊबंदांतली नाही आणि बायकांची मूठ मुळी मोजतच नाहीत. अक्का म्हणाली, 'मोजनारी मी शे.'

मी आयुष्यभर डब्यातलं एकटीनं जेवलेली बाई. त्या रविवारी भाऊबंदांच्या पंगतीत बसून रोट खाल्ले. मला रडू आलं आणि मी ते गंगाफळाच्या भाजीतल्या मिरचीवर ढकललं. यमुना पुरण न घेता नुसती भाजी खात होती आणि माझ्याकडं बघून हसत होती. मांडीवर मुक्ता होती.

मग दर श्रावणात गेले. पुन्हा जळगावला बदली झाली तरी गेले. लढाईत इन्सुलिन वेळेवर मिळेना, तेव्हा यमुनेला त्याची गरज नव्हती याचा आनंद मी मनातल्या मनात करून घेतला, कारण ज्यांना होती त्यांची तोंडं रोज समोर होती. मी नोकरी सोडायच्या आदल्या वर्षी अक्का गेली. मग माझे गुडघे गेले, आणि भाच्यानं मला इथं आणलं. तीन श्रावण मी इथं काढले. रविवार येतो. इथं कुणाला काही ठाऊक नसतं. भाचेसून कोशिंबीर वाढते आणि मी पांझरेच्या पुराचा आवाज आठवत बसते.

गेल्या महिन्यात आत्माराम आला. विहिरीवर बसवायचं इंजिन बघायला पुण्याला आला होता. केस पिकलेत. रिकाम्या हातांनी आलो म्हणून संकोचून बसला. रोट घराबाहेर आणता येत नाहीत, हे मी त्यालाच समजावलं. यमुना बरी आहे, साखर जपून आहे. मग त्यानं यंदाचं सांगितलं. गहू मोजताना नाना म्हणाले की अक्का गेली, बाई तीन वर्षं आली नाही, आता तिची मूठ बंद करावी. यमुना मोजायला बसली होती. तिचा हात थांबला. तेवढ्यात मुक्ता पुढं झाली. मुलींना त्या सुपाला हात लावायची चाल नाही. तिनं सरळ पोत्यात हात घातला आणि गहू टाकले, एकदा आणि परत एकदा. नाना ओरडले, एका माणसाच्या दोन मुठी कशा?

'मना हात ल्हाना शे,' ती म्हणाली. 'बाईनी मूठ मोठी शे.'

मी आत्मारामला विचारलं, मग माझ्या वाटणीचे रोट कोण खातं? तो म्हणाला, तीन वर्षं मुक्ताच खाते. स्वतःचे खाऊन होतात, मग रडकुंडीला येते, पण कुणाला हात लावू देत नाही. यंदा तर दुप्पट झाले.

पुढच्या श्रावणात मी धुळ्याला जाणार आहे. भाचा म्हणतो, प्रवास झेपणार नाही. न झेपला तर न झेपला. पोरीनं एकटीनं किती दिवस खायचं? कानबाईचे रोट उरवायचे नसतात.